रोमँटिक वॉक, पाच ते सहा

आमचे संजयराव दुबईच्या पलीकडे फुजैराला एका ऑइल टर्मिनलवर डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. जहाज येतं, तेल भरून निघून जातं, आणि मागे कागदांचा जो ढीग उरतो तो ह्यांचा. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांना गाडीचा एक फाइन लागलेला नाही, घरातल्या कुणाचं आयडी एक दिवस एक्स्पायर झालेलं नाही, आणि माझा पासपोर्ट एअरपोर्टचं काउंटर सोडून मी कधी हातात धरलेला नाही. तो ह्यांच्या कपाटात, ह्यांच्या फाइलीत, प्लास्टिकच्या खिशात असतो. तक्रार करत नाहीये, माहिती देतेय.

येत्या डिसेंबरात हे रिटायर होणार. रिटायर झालं की व्हिसा कॅन्सल, आणि आम्ही कराडला. तिथे फ्लॅट घेऊन ठेवलाय. सव्वीस वर्षं दर जुलैत आम्ही कराडलाच जात आलो. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासाठी, त्या गेल्यावर फ्लॅटला हवा लागावी म्हणून. आमची मुलगी तनया दुबईत नोकरी करते. ती एकदा जेवताना म्हणाली, "पपा, वन्स, जस्ट वन्स, टेक हर समव्हेअर. आफ्टर डिसेंबर यू वोन्ट." आणि तिने मोबाइलवर मला एक फोटो दाखवला. इटलीतलं तळ्याकाठचं गाव, वारेन्ना. मागे डोंगर, खाली पाणी, आणि पाण्याला चिकटून पिवळी, केशरी, गुलाबी घरं दाटीवाटीने उभी.

"पाणीच बघायचं तर बाल्कनीत ये की," संजयराव म्हणाले.

आमच्या बाल्कनीतून समुद्र दिसतो हे खरं आहे. त्यात नांगर टाकून उभे असलेले पन्नास-साठ टँकरही दिसतात. पण तनयाने तेवढ्यात सप्टेंबरची तिकिटं काढूनही टाकली, आणि काढलेलं तिकीट वाया घालवणं ह्यांच्या जिवावर येतं. म्हणून जायचं ठरलं.

इटलीचा व्हिसा म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे आमच्याकडे टायपिंग सेंटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे सरकारी अर्ज कुणी घरी बसून लिहीत नाही. गल्लीतल्या टायपिंग सेंटरमध्ये जायचं, ते टाइप करून देतात. आमच्या सेंटरमध्ये सोनम बसते. इचलकरंजीची, पोरगी चटपटीत. तिने तासाभरात फॉर्म, कव्हर लेटर, हॉटेलचं बुकिंग आणि आयटिनररी, म्हणजे कुठल्या दिवशी कुठे जाणार त्याचं वेळापत्रक, सगळं छापून समोर ठेवलं. "काका, इथे सही. काकू, तुम्ही इथे. यल्ला, चला, झालं!" आम्ही सह्या केल्या. दुबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. पंधरा दिवसांत व्हिसा आला.

मला वाटलं, संपलं. कुठलं काय!

निघायच्या आदल्या दिवशी बघते तर संजयरावांनी ती आयटिनररी मोठ्या अक्षरांत पुन्हा छापून आणलेली. उजवीकडे पट्टीने तीन रकाने आखलेले. एक संजय, दुसरा सुजाता, तिसरा शिक्का.

"हे काय आता?"

"आपण डिक्लेअर केलंय."

"काय डिक्लेअर केलंय?"

"कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे असणार ते. खाली दोघांची सही आहे. त्याच्यावर व्हिसा दिलाय त्यांनी."

"अहो, ते व्हिसा मिळेपर्यंतच असतं. नंतर कोण बघतंय?"

"बघत नाहीत तोवर बघत नाहीत," हे म्हणाले. "बघायला लागले की तू पळशील का प्रूफ जमवायला?"

ज्या माणसाने अख्खं आयुष्य परक्या देशात कागदाच्या भरवशावर काढलं, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की हा कागद नुसता दाखवायचा होता? मी चिवड्याचे पुडे भरत बसले.

गाव फोटोत होतं तसंच निघालं. स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दगडी उतारावर बॅगांची चाकं अशी खडखडत होती की माणसं खिडक्यांतून बघायला लागली. हॉटेलातल्या बाईने चावी दिली. संजयरावांनी कागद पुढे केला. "स्टॅम्प, प्लीज." तिला काही कळेना. ह्यांनी हवेत शिक्का मारून दाखवला. तिने तीन ड्रॉवर उपसले. शेवटी कपडे धुवायच्या बिलावर मारायचा एक शिक्का सापडला, तो मारला. ह्यांनी दोन्ही रकान्यांत टिक केली, आधी संजय, मग सुजाता, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. पहिला दिवस खलास.

दुसऱ्या दिवशी सोनमने लिहिलं होतं, कँडल लाइट डिनर. आम्ही ज्या पिझ्झावाल्याकडे गेलो तिथे ट्यूबलाइट होती. दुसऱ्या कुणी ते चालवून घेतलं असतं. संजयरावांनी वेटरला बोलावून मेणबत्ती मागितली. त्या बिचाऱ्याला वाटलं आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. त्याने एका ग्लासात मेणबत्ती आणली, मागोमाग स्वयंपाकघरातून आणखी दोघे आले, आणि तिघांनी मिळून आमच्यासाठी गाणं म्हटलं. मी ताटाकडे बघत राहिले. गाणं संपल्यावर ह्यांनी शिक्का मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीने पलीकडच्या गावाला गेलो, आणि संध्याकाळच्या ओळीत होतं, 'रोमँटिक वॉक अलाँग द लेक, पाच ते सहा'. तशी वाट आहे तिथे. कड्याला धरून पाण्यावरून जाते, लाल लोखंडी कठडा, वर वेली. जोडपी येत-जात होती, कुणी फोटो काढत होतं. आम्ही ठीक पाचला सुरुवात केली. हे दोन पावलं पुढे, मी मागे. साडेपाचला हे जिथे होते तिथून मागे वळले. परत येताना ऊन डोंगराआड गेलं आणि पाण्याचा रंग एकदम पाटीसारखा काळा-निळा झाला. मी थांबले. मला काहीतरी बोलायचं होतं, काय ते आता आठवत नाही.

"बारा मिनिटं राहिली," हे म्हणाले.

सहाला वाट संपली. चालण्यावर कुणाचा शिक्का घ्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा ह्यांनी आइस्क्रीमवाल्याची सही घेतली.

मी तोंडातून ब्र काढला नाही. तीन दिवस. उगाच परदेशात तमाशा नको म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी एका मोठ्या व्हिलाची बाग होती. ती उरकली. जेवून आम्ही गावाच्या छोट्या धक्क्यावर आलो. तिथे दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. मी चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. समोर एक म्हातारा होडीला रंग देत होता. आमच्यापैकी कुणी कुठे निघालं नाही, असा अर्धा तास गेला असेल. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

"शॉपिंग," संजयराव घड्याळ बघून म्हणाले.

"मला काही नकोय."

"तीन ते पाच शॉपिंग आहे."

"तुम्ही करा. मी इथे बसणार आहे. आणि उद्या मी मिलानला येत नाही."

पाचवा दिवस होता मिलान कथीड्रल. पहाटे उठा, रेल्वेने जा, चर्च बघा, रेल्वेने परत या.

"असं कसं?" हे म्हणाले. "तुझं नाव आहे त्याच्यावर."

आणि मग माझा तोल गेला. "नाव आहे! व्हिसावर नाव, आयडीवर नाव, हाउसवाइफ, नॉट परमिटेड टु वर्क. सव्वीस वर्षं माझं नुसतं नाव फिरतंय तुमच्या फाइलीत. मला कधी विचारलंत, सुजाता, तुला काय करायचंय? एकदा तरी?"

शेजारच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं. मराठी येत नसली तरी भांडण कळतं.

"उद्या एक दिवस तो कागद बॅगेत ठेवा आणि माझ्याबरोबर इथे बसा," मी म्हणाले. "नसेल जमत तर डिसेंबरात मी कराडला येणार नाही. तुम्ही जा. मी तनयाकडे राहीन."

हे मी रागात बोलले, पण राग ओसरल्यावरही माझं म्हणणं तेच होतं. रिकाम्या फ्लॅटमध्ये, ह्यांच्यासमोर, फ्रिजवर लावलेल्या वेळापत्रकाने उरलेली वर्षं काढायची या विचाराने मला खरोखर धडकी भरली होती.

संजयरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"तनयाच्या स्पॉन्सरशिपवर राहायचं," हे म्हणाले, "तर तिला मोठी जागा दाखवावी लागेल. नाहीतर व्हिजिट व्हिसा. तो साठ दिवसांचा."

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी पांघरुणातून बघत होते. बूट घालून हे दारात उभे राहिले, जात नाहीत. मग परत आत आले, गळ्यातल्या पाउचमधून माझा पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. वर हॉटेलचं कार्ड ठेवलं.

"जवळ ठेव. कुणी विचारलं तर दाखव," म्हणाले, आणि गेले.

म्हणजे उत्तर मिळालं. मी उठले, केस विंचरले, आणि मनाशी म्हटलं, ठीक आहे तर मग.

त्या दिवसाबद्दल खोटं कशाला सांगू? पहिला तास मजेत गेला. स्वतः कॉफी मागितली, स्वतः पैसे दिले, सुट्टे परत आले ते मोजले नाहीत. बाजारातून कागदाच्या पिशवीत अंजीर घेतले आणि त्याच पायऱ्यांवर बसून खाल्ले. अकरापर्यंत कंटाळा आला. मग समोर जी बोट आली तिच्यात चढले, कुठे जाते ते न विचारता. पलीकडे उतरले, एका बाकावर बसले, त्याच बोटीने परत आले. बोटीत एक म्हातारी शेजारी बसली होती. तिला एक अंजीर दिलं, तिने मला एक पेपरमिंट दिलं. एवढंच. अर्धं लक्ष माझं घड्याळाकडे. आता ते स्टेशनवर उतरले असतील. आता चर्चमध्ये. चिवड्याचा पुडा घेतला का त्यांनी? माझी मलाच चीड आली. तरी सांगते, त्या दिवसाचा मला पस्तावा नाही. एक अख्खा दिवस मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

साडेसातच्या गाडीने हे परत आले ते लंगडत. बूट काढले तर दोन्ही टाचांना फोड. मी उरलेले अंजीर पुढे केले. दोन खाल्ले. मिलान कसं होतं ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. पासपोर्ट मी स्वतःहून परत दिला नाही आणि ह्यांनी मागितला नाही. विमानात मी खिडकीकडे तोंड करून झोपले.

परत आल्यावर चार दिवसांनी संजयराव म्हणाले, टायपिंग सेंटरला चल. गाडीत बसल्यावर, नजर रस्त्यावर ठेवून म्हणाले, "एचआरचा फॉर्म आलाय. डिसेंबरच्या परतीच्या तिकिटांचा. गुरुवारपर्यंत द्यायचाय. एक लिहू की दोन?"

"सांगते," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

सोनम आम्हाला बघून उठून उभी राहिली. "काका! काकू! कशी झाली ट्रिप?"

ह्यांनी फाइल उघडली, तो कागद काढला आणि काउंटरवर सरळ करून ठेवला. "ही कम्प्लीट झाली. जमा कुठे करायची? कॉन्सुलेटला न्यावी लागते की ऑनलाइन?"

सोनमने कागद उचलला. लाँड्रीचा शिक्का, पिझ्झावाल्याचा शिक्का, बोटीच्या ऑफिसचा शिक्का, आइस्क्रीमवाल्याची सही. तिचे डोळे मोठे होत गेले. "काका, तुम्ही हे सगळं केलंत? टाइमप्रमाणे?" आणि मग तिला हसू आवरेना. "अहो काका, हे कुणी मागत नाही! शारजाच्या एका हनिमून कपलची फाइल होती माझ्याकडे, मी तीच कॉपी मारली, नुसती नावं बदलली!"

निघाल्यापासून मी या क्षणाची वाट बघत होते. वाक्यसुद्धा तयार होतं, 'बघा, मी काय सांगत होते'. संजयरावांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागले. कान लाल झाले होते. सोनमने कागद खाली ठेवला तो माझ्या बाजूला तोंड करून. मला पाचवी ओळ दिसली. मिलान कथीड्रल. बाजूला स्टेपल केलेली तिकिटं, छपरावर चढायची, एक नाही, दोन. संजयच्या रकान्यात टिक होती. सुजाताच्या रकान्यातही टिक होती.

मी वाकून पुन्हा बघितलं. तेच निळं पेन, तीच तिरकी टिक.

पाच वर्षांपूर्वी ह्याच माणसाला मॅनेजर म्हणाला होता, या जहाजाच्या कागदावर कालची तारीख टाक, बाकी काही नको. ह्यांनी टाकली नाही. प्रमोशन राहिलं, केबिन गेली, जिन्याखालचं टेबल मिळालं. तेव्हा घरी येऊन मला म्हणाले होते, "जे झालंच नाही, ते झालं असं मी कसं लिहू?" आणि त्या माणसाने, फोड आलेल्या पायांनी, कुठल्यातरी बाकावर बसून माझ्या नावापुढे टिक केली होती. मी तिथे नव्हते हे कुणाला सापडलं तर मला त्रास होऊ नये म्हणून. आपलं तत्त्व बाजूला ठेवून.

राग गेला असं समजू नका. मला काय हवंय ते ह्यांनी अजूनही विचारलेलं नाही, आणि त्याबद्दल मी पुढेही भांडणार आहे. पण तिथे, त्या काउंटरपाशी, मला ह्या माणसाचं इतकं वाईट वाटलं आणि ह्याच्यावर इतकी माया आली की ते तयार वाक्य मी गिळून टाकलं. एचआरच्या फॉर्मवर दोन हा आकडा मी माझ्या हाताने लिहिला, हे आत्ताच सांगून टाकते.

सोनमचं हसणं चालूच होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "आणि काकू, तुम्हाला पण नेलं मिलानला? त्या चर्चच्या छपरावर जाता येतं म्हणे. तुम्ही चढलात?"

संजयराव मान खाली घालून चष्मा पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"चढले ना," मी म्हणाले. "ह्यांच्याच टाचा गेल्या अर्ध्या वाटेत. मग मी हात धरून वर नेलं."

"बाप रे! किती पायऱ्या आहेत?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला काय माहीत?

संजयरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अडीचशे," ते म्हणाले. "हिने मोजल्या."